बर्फाच्या जागची खाडी

‘चार्टर’ म्हटले की मला संयुक्त राष्ट्रांची सनद आठवत असे. एखादी बोट माणसांसकट, स्वयंपाक्यासकट, इंधनासकट आठवडाभर भाड्याने घेणे म्हणजेही चार्टरच, हे मला दादाच्या फोनवरून कळले. “अलास्कात जायचंय. आपलीच बोट, आपलीच माणसं. तू येते आहेस,” एवढे बोलून तो थांबला. दादा प्रश्न विचारत नाही, वाक्ये ठेवतो आणि समोरच्याने ती उचलावीत म्हणून थांबतो. तीस वर्षे तो सिऍटलला आहे आणि तीस वर्षांत मी एकदाही त्याच्याकडे गेलेली नव्हते. आधी नोकरी नवी होती, मग आई आजारी होती, आणि मग आई नव्हती तरी ‘आई आजारी आहे’ असे सांगण्याची जिभेला सवय लागली होती. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळण्यातच वर्ष गेले. २०२४च्या जुलैमध्ये एकदाची निघाले.

त्या आठवड्याचा खर्च किती हे मला भाचीकडून कळले, आणि कळले नसते तर बरे झाले असते. माझ्या दोन वर्षांच्या पगाराहून तो जास्त होता. मराठी प्रवासवर्णनाचा पेपर मी गेली अठरा वर्षे शिकवते. त्यात लेखकाने खिशातल्या पैशांविषयी बोलावे की नाही यावर विद्यार्थ्यांशी वादही घातले आहेत. आता स्वतः लिहायची वेळ आली तेव्हा हा आकडा लपवावा असे वाटले, म्हणूनच तो आधी सांगून टाकला. शिवाय वितळणारा बर्फ पाहायला डिझेल जाळत जायचे, ही विसंगती बोटीवर सर्वांनाच ठाऊक होती आणि सर्वांनीच ती सभ्यपणे बाजूला ठेवली होती. मीही ठेवली.

आम्ही पाच जण होतो : दादा, वहिनी, भाची, तिचा नवरा आणि मी. अशा लहान चार्टर बोटींवर बहुधा सहाच प्रवासी घेतात, त्यामुळे एक खोली रिकामी होती. तिच्यात वहिनींनी पापडाचे आणि मेतकुटाचे डबे ठेवले. बोट साठेक फुटांची, पोलादी, दिसायला अजिबात ऐटबाज नाही. ‘यॉट’ या शब्दाने मनात उभी राहणारी पांढरी, निमुळती, सिनेमातली वस्तू ती नव्हती. कप्तान साठीच्या बाई होत्या. मनातल्या मनात मी त्यांना कप्तानबाई म्हणू लागले आणि पुढे तेच नाव रूढ झाले. त्या बोलत कमी आणि नकाशा, घड्याळ व पाणी या तिन्हींकडे आळीपाळीने पाहत असत. दाभोळच्या फेरीबोटीवरचा सुकाणूवाला असाच पाहतो.

जूनोजवळच्या ऑक बे बंदरातून आम्ही निघालो. पहिले दोन दिवस आइसी सामुद्रधुनीत गेले. पॉइंट अडॉल्फसपाशी कुबड्या देवमासे दिसले, इतके की तिसऱ्या दिवशी भाचीचा नवरा त्यांच्याकडे पाठ करून कॉफी पीत होता. देवमाशांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते खाडीविषयी.

मी चिपळूणची. खाडी म्हणजे काय हे मला कुणी शिकवावे लागलेले नाही. वाशिष्ठी खाली उतरते आणि समुद्र तिच्या दरीत वर चढतो. दोघांच्या भांडणात जो चिखल तयार होतो तिथे कांदळवन वाढते. आमच्या खाडीची दरी नदीने कोरलेली. फियॉर्डची दरी बर्फाने कोरलेली, म्हणून ती अशी सरळसोट, भिंतींची आणि खोल. दोन्हीकडे समुद्र नंतर आला, एवढेच साम्य. भरती-ओहोटीत तर साम्य विचारूच नये. आमच्याकडे पाणी पुरुष-दीड पुरुष चढते. इथे उधाणाला पंचवीस फुटांपर्यंतचा फरक पडतो, आणि सकाळी ज्या खडकावर सील पहुडलेला असतो तो खडक दुपारी नकाशातच उरतो.

ग्लेशियर बे हे आता राष्ट्रीय उद्यान आहे. १९२५ साली संरक्षित स्मारक आणि १९८० साली उद्यान, असा त्याचा सरकारी इतिहास. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दिवसाला दोन मोठी प्रवासी जहाजे, तीन टूरबोटी, सहा चार्टर बोटी आणि पंचवीस खासगी बोटी, एवढ्यांनाच आत सोडतात. आत शिरण्यापूर्वी बार्टलेट कोव्ह येथे थांबून, देवमाशांपासून किती दूर राहायचे, सील कुठे विणीला बसतात, हे ऐकून घ्यावे लागते. शाळेतल्यासारखे आम्ही रांगेत बसून ऐकले.

या जागेची गोष्ट मात्र सरकारी इतिहासाहून फार जुनी आहे. १७९४ साली व्हँकूवरच्या मोहिमेतला जोसेफ व्हिडबी लहान होड्या घेऊन या बाजूला आला, तेव्हा इथे खाडी नव्हतीच. किनाऱ्याला जेमतेम पाच मैलांचा खळगा होता आणि त्यामागे बर्फाची भिंत. १८७९ साली जॉन म्यूर ट्लिंगिट नावाड्यांच्या होडीतून आला, तोवर ती भिंत चाळीसहून अधिक मैल मागे गेली होती. १९१६च्या सुमारास ती मुखापासून पासष्ट मैलांवर पोहोचली. म्हणजे पेशवाईच्या उतरत्या काळापासून टिळकांच्या ‘गीतारहस्या’पर्यंतच्या अवधीत शंभर किलोमीटरहून लांब एक समुद्र जन्माला आला. यातला बराच भाग आजच्या तापमानवाढीच्याही आधीचा आहे, हे कप्तानबाईंनी मुद्दाम सांगितले. समुद्रात उतरलेली हिमनदी स्वतःच ढकलत आणलेल्या दगडमातीच्या बांधावर टेकून उभी असते. तो आधार सुटून एकदा ती खोल पाण्यात मागे सरली की तिचे तुकडे भराभर पडत जातात. गेल्या काही दशकांत त्यात उष्म्याची भर पडली आहे, ती वेगळी.

ट्लिंगिट भाषेत या जागेचे नाव आहे ‘सीट् ईती गीयी’, म्हणजे हिमनदीच्या जागी आलेली खाडी. नाव देणाऱ्यांनी जे गेले त्याचीही नोंद नावात ठेवली. कारण ते इथेच राहत होते. व्हिडबी येण्यापूर्वी, अठराव्या शतकात, बर्फ पुढे सरकत आला आणि हूना लोकांची खालच्या सपाटीवरची वस्ती त्याने गिळली. माणसे पसरली, आणि कालांतराने सामुद्रधुनीपलीकडे हूना गावी स्थिरावली. बर्फ मागे गेला तशी ती मासे, सील, गल पक्ष्यांची अंडी यांसाठी पुन्हा येऊ लागली. तोवर त्यांच्या मायभूमीचे सरकारने संरक्षित क्षेत्र केले होते. अंडी गोळा करू देणारा कायदा २०१४ साली झाला. २०१६च्या ऑगस्टमध्ये बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचे कुलगृह उभे राहिले, तेव्हा ते होड्या वल्हवत आले होते म्हणतात. देवदारूच्या जातीच्या लाकडाचा वास असलेल्या त्या घरात मी बराच वेळ बसले. वहिनी बाहेर उभ्या होत्या. “आत जाऊ का नको, कुणाच्या तरी देवघरात शिरल्यासारखं वाटतं,” म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते.

त्याच किनाऱ्यावर कप्तानबाईंनी दुसरी एक गोष्ट दाखवली, म्हणजे खरे तर दाखवली नाही, कारण ती दिसत नाही. इथली जमीन वर येते आहे. हजारो फूट जाडीच्या बर्फाचे ओझे शतकानुशतके तिच्यावर होते आणि ती त्याखाली दबून होती. ओझे गेले आणि ती अजूनही, वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर, वर उचलली जाते. कुणीतरी उठून गेल्यावर कापसाची गादी फुगते तशी, पण नखे वाढतात त्या गतीने. बर्फ हटल्यापासून काही ठिकाणी ती साडेपाच मीटरांहून जास्त वर आली आहे. जुन्या नकाशातल्या खोलीवर म्हणूनच डोळे मिटून विसंबता येत नाही, असे त्या म्हणाल्या.

आम्हा साहित्यवाल्यांना रूपक दिसले की आमचा हात आपोआप तिकडे जातो. मी तो मागे घेतला. शेवटची नऊ वर्षे आई कंपवाताने अंथरुणाला खिळली होती. दर रविवारी मी तिची नखे कापत असे, आणि तीन सेंटिमीटर म्हणजे नखांची किती कापणी हे मला कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक आहे. पण जमीन ही जमीन आहे. तिला सुटल्यासारखे वाटत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना दादाने कप्तानबाईंना माझ्याविषयी सांगितले. २२ जुलै २०२१ला आमच्या गावात पूर आला, रस्त्यावर माणसे बुडतील एवढे पाणी होते, फोन बंद होते, दोन दिवस मला इथे काही कळत नव्हते, आणि हिने एकटीने आईला वर नेऊन वाचवले. ही हकिगत तो नेहमी सांगतो. आईच्या तेराव्याला सांगितली, भाचीच्या लग्नात सांगितली. इंग्रजीत ती अधिकच शूर वाटते. मी ताटातल्या हॅलिबट माशाकडे पाहत राहिले.

कप्तानबाई काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी सुकाणूघरातल्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवले. नोरा मार्क्स डाउएनहॉवर आणि रिचर्ड डाउएनहॉवर या दांपत्याने १९८७ साली प्रसिद्ध केलेले ‘हा शुका’. ट्लिंगिट वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कथा, डाव्या पानावर मूळ भाषा आणि उजव्यावर इंग्रजी. सांगणारा जिथे श्वास घेतो तिथे ओळ तोडलेली आहे, त्यामुळे गद्य असूनही पान कवितेसारखे दिसते. आपल्याकडे ओव्या संग्रहित करणाऱ्यांनी किती कष्ट घेतले आहेत हे मला ठाऊक आहे, पण सांगणाऱ्या बाईचा श्वास पानावर राहावा हा हट्ट मी फारसा पाहिलेला नाही. लोकसाहित्य शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर पाहावे.

त्यात ग्लेशियर बेची कथा दोनदा आहे. एकदा सूझी जेम्स यांनी सांगितलेली, एकदा एमी मार्विन यांनी. कथा थोडक्यात अशी : कास्तीन नावाची मुलगी वयात आली म्हणून रीतीप्रमाणे तिला आडोशाला बसवलेले असते. एकटेपणाने कंटाळून ती वर डोंगरातल्या हिमनदीला हाक मारते, सुका मासा दाखवून, कुत्र्याला बोलवावे तशी. आणि बर्फ यायला लागतो. गाव सोडायचे ठरते, होड्या भरतात. पण कुणीतरी मागे राहायला हवे असते. एमी मार्विन यांच्या कथनात कास्तीन स्वतःच मागे राहते. सूझी जेम्स यांच्या कथनात शावत्सीक नावाची म्हातारी पुढे येते. ही पोर आहे, हिच्या पोटी माणसे वाढतील, मी राहते, असे तिचे म्हणणे. होड्या निघतात आणि मागे घर बर्फाखाली जाते. दोन्ही कथने शेजारी शेजारी छापली आहेत. संपादकांनी त्यातले एक ‘खरे’ ठरवलेले नाही.

मी दोन्ही दोनदा वाचली. झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीत वर निघालो. या प्रवासाइतका सरळ उलटा प्रवास मी दुसरा केलेला नाही. मुखापाशी स्प्रूस आणि हेमलॉकचे दाट, शेवाळाने भरलेले अरण्य, कारण तिथून बर्फ जाऊन दोन-अडीचशे वर्षे झाली. जसजसे वर जावे तसतशी झाडे तरुण होत जातात. अरण्य संपून आल्डर आणि विलोची झुडपे येतात, मग खडकाला चिकटलेली ड्रायस ही बुटकी वनस्पती, आणि शेवटी नुसता खडक, बर्फाने खरवडलेला, ओरखड्यांसकट. विल्यम कूपर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१६ साली इथे काही चौरस आखून ठेवले होते, आणि नागड्या जमिनीवर एकामागून एक काय उगवते याची नोंद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. संरक्षित स्मारकासाठी आग्रह धरणाऱ्यांतही तोच पुढे होता. शंभर वर्षे एकाच जमिनीच्या तुकड्याकडे पाहत राहायचे! आमच्याकडे चार वर्षांत अभ्यासक्रम बदलतो.

मार्बल बेटांवर समुद्रसिंह एकमेकांवर ओरडत होते. त्यांचा वास आवाजाच्या आधी आला.

जॉन्स हॉपकिन्स शाखेत जूनअखेरपर्यंत बोटींना बंदी असते, कारण तरंगत्या बर्फावर सीलमाद्या पिलांना जन्म देतात. जुलैत आत जाता येते, पण सीलांपासून पाव मैल दूर राहून आणि अगदी हळू. कप्तानबाईंनी इंजिन जवळजवळ बंद केले, तेव्हा एक आवाज ऐकू येऊ लागला. तव्यावर मोहरी तडतडावी तसा, पण चहूकडून. बर्फात शतकानुशतके कोंडलेली हवा वितळताना बुडबुड्याबुडबुड्याने फुटत होती. बोटीच्या तळाशी खोलीत जाऊन कान लावला तर तो आवाज आणखी मोठा होता. वरचा बर्फ निळा का दिसतो हे मी पुस्तकात वाचले होते. हवा दाबून निघून गेलेला दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा परत देतो. वाचलेले खरे होते. फक्त तो निळा रंग कुठल्याच शाईचा नव्हता, एवढेच सांगते आणि विशेषणे थांबवते.

मार्जरी हिमनदीसमोर आम्ही दोन तास उभे होतो. रुंदी मैलभर, पाण्यावरची उंची अडीचशे फुटांच्या आसपास. ‘हिमनदी’ हा आपला पाठ्यपुस्तकी शब्द मी इतकी वर्षे वापरला, पण समोर नदी दिसेना. दिसली ती भिंत, आणि भिंत वाहते आहे हे फक्त तिच्या पडण्यातून कळते. आधी एक तुकडा सुटलेला दिसतो, पूर्णपणे निःशब्द. तो पाण्यात बुडू लागतो, तुषार उडतात, आणि मग दोन-तीन सेकंदांनी गडगडाट पोहोचतो. ऐकू येईपर्यंत घडून गेलेले असते. या पडण्याला इंग्रजीत कॅल्व्हिंग म्हणतात, गाय विण्याचा शब्द. मी हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “व्याली म्हणायचं तर मग. आणि वासराकडे बघायलाही थांबली नाही.” आमच्या घरी गाय होती तेव्हा तिच्या विणीच्या रात्री आई कंदील घेऊन गोठ्यात बसे. दादाला ती कंदिलाची रात्र आठवत होती. मला नव्हती, मी लहान होते.

मुक्कामाला रीड इनलेटमध्ये नांगर टाकला. १८९०च्या दशकात इथली मोजणी करणाऱ्या हॅरी फील्डिंग रीड यांचे हे नाव. इथे प्राध्यापकांची आणि विद्यापीठांची नावे हिमनद्यांना दिलेली आहेत, हे एक त्या मानाने निरुपद्रवी आत्मगौरवाचे उदाहरण. रीड हिमनदी आता दमलेली दिसते. तिच्यापुढे स्वतःच्याच गाळाचा पट्टा साचला आहे. रात्री दहाला सूर्य मावळला, तरी अंधार म्हणावा असा झालाच नाही. बाकीचे झोपले. दादा आणि मी मागच्या डेकवर शाली गुंडाळून बसलो. मी त्याला ती कथा सांगितली, दोन्ही प्रकारे.

“म्हणजे आई,” तो लगेच म्हणाला. “म्हातारी म्हणजे आई. व्हिसा आला तेव्हा मी नको म्हणत होतो. तीच म्हणाली, तू जा, आमचं काय. ती राहिली.”

मला राग आला. तीस वर्षे मागे कोण राहिले या प्रश्नाचे त्याच्याकडे इतके तयार उत्तर होते, आणि त्यात मी कुठेच नव्हते. मी त्याला तेच ऐकवणार होते. पण तोंडातून दुसरेच निघाले.

“पुराच्या दिवशीही ती असंच म्हणाली.”

मग मी सांगितले. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पहाटे पाणी आधी मोरीतून आले, मग दारातून. वीज गेली होती. आईचे अंग कंपवाताने लाकडासारखे झालेले, मला एकटीला ती उचलता येईना. पाणी गुडघ्याच्या वर आले आणि पलंगाच्या फळ्यांना लागले, तेव्हा ती अगदी स्पष्ट आवाजात, जो आवाज तिचा दोन वर्षांत निघाला नव्हता, म्हणाली, “तू वर जा. माझं काय, मी म्हातारी.” वरच्या बिऱ्हाडाला हाक मारायला म्हणून मी जिन्याकडे गेले. जिन्याला पंधरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीवर मी थांबले. हाक मारली नाही. खाली पाण्यात भांडी एकमेकांवर आपटत होती, ती ऐकत उभी राहिले. आणि माझ्या मनात जे आले त्याला मी आजवर शब्द दिलेला नाही, कारण ते शब्दांत आले नव्हते. आली होती ती एक हलकी, मोकळी जागा. मग मी ओरडले. वरची दोन मुले प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावत आली. त्यांनी आणि मी मिळून आईला वर नेले. मी ‘एकटीने’ काहीही केलेले नाही.

दादा बराच वेळ गप्प होता. तो अभियंता आहे. त्याने विचारले, “किती वेळ?”

“काय किती वेळ?”

“सातव्या पायरीवर. किती वेळ थांबलीस?”

“ठाऊक नाही. घड्याळ पाहिलं नाही.”

“आईला कळलं होतं?”

हा प्रश्न मी स्वतःला तीन वर्षे विचारत होते आणि दुसऱ्या कुणी विचारेल अशी कल्पनाही केली नव्हती. “पायऱ्या पलंगावरून दिसतात,” मी म्हणाले.

भरती लागली होती. नांगराची साखळी तळाशी खडखडली आणि बोट हळूहळू फिरू लागली. इतका वेळ समोर असलेली हिमनदी सरकत डाव्या हाताला गेली, आणि समोर उघडी खाडी आली.

“मी पण एक सांगतो,” दादा म्हणाला. आई गेली ती २०२३च्या फेब्रुवारीत. फोन गेला तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ होती. त्याच रात्रीच्या विमानात जागा होती. तो विमानतळापर्यंत गेला, गाडी उभी केली आणि गाडीतच बसून राहिला. नंतर त्याने दुसऱ्या दिवशीचे तिकीट काढले. वहिनींनाही त्याने जागा मिळाली नाही असेच सांगितले होते. “आलो असतो तर तिला बघावं लागलं असतं. तशी. नाही जमलं.”

इकडे आम्ही त्याच्यासाठी वाट पाहत होतो. मासळीबाजारातल्या बर्फवाल्याकडून चार लाद्या आणल्या होत्या, भुश्यात गुंडाळलेल्या. त्या आईच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. रात्रभर पाणी परातीत टिपटिपत होते, दर तासाला मी परात रिकामी करत होते. फेब्रुवारी असूनही लाद्या सकाळपर्यंत अर्ध्या झाल्या. मग वडीलधाऱ्यांनी ठरवले की आता थांबू नये, आणि अग्नी मी दिला. त्याला जागा मिळाली नाही म्हणून मी दिला, अशी माझी समजूत होती. विधी करायला मिळाला याचा आतून थोडा अभिमानही होता.

मी त्याला परातीचे सांगितले. लाद्यांना माशांचा वास होता तेही सांगितले. तो ऐकत होता. त्याने माफी मागितली नाही आणि मीही त्याला काही म्हणाले नाही. मला राग आलेला होता आणि तो गेला नाही. अजूनही पूर्ण गेलेला नाही. फक्त आता तो नेमका कशाचा आहे हे ठाऊक आहे. बोटीच्या बाजूने बर्फाचा एक छोटा तुकडा तडतडत गेला. पहाटे दोनच्या सुमारास पूर्वेकडे पुन्हा उजाडू लागले तेव्हा आम्ही आत गेलो.

परतीचे दोन दिवस पावसात गेले. पुस्तक मी कप्तानबाईंना परत केले. त्यांनी विचारले, दोनांपैकी कुठली कथा आवडली. मी म्हणाले, दोन्ही पाहिजेत. त्यांनी मान डोलावली आणि रडारकडे वळल्या. भाचीच्या नवऱ्याने त्यांना लिटुया उपसागराविषयी विचारले. १९५८च्या जुलैत तिथे भूकंपाने डोंगराचा कडा कोसळला आणि लाट समोरच्या उतारावर ५२४ मीटर चढली. तेही याच उद्यानात, बाहेरच्या किनाऱ्यावर. बर्फ मागे गेला की उभ्या कड्यांचा टेका जातो आणि ते सुटतात, असे त्यांनी समजावले. त्या भूकंपाची गोष्ट वेगळी, पण काही कडे कारणाशिवायही सुटतात. पुढे २०२५च्या ऑगस्टमध्ये जूनोच्या दक्षिणेला ट्रेसी आर्म या फियॉर्डमध्ये असाच कडा सुटून मोठी लाट उठली, तेव्हा मला त्यांचे ते बोलणे आठवले. जमीन नुसती संथपणेच वर येते असे नाही.

बोट आम्हाला बार्टलेट कोव्हला सोडून गेली. तिथून गस्टेव्हस गाव सोळा किलोमीटर, आणि गस्टेव्हसहून जूनोचे विमान. विमानतळ म्हणजे एक खोली आणि एक वजनकाटा. गाडी चालवणाऱ्याने वाटेत एक हिरवे मैदान दाखवले. त्याच्या लहानपणी तिथे भरतीचे पाणी येत असे, आता लोक गोल्फ खेळतात. दादाने गाडी थांबवायला लावली. उतरून त्याने गवतावर बूट दाबून पाहिला. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यात तीन सेंटिमीटर अंतर धरून डोळ्यांसमोर नेले, आणि त्या फटीतून समुद्राकडे पाहिले.

“आई गेल्यापासून एवढी,” मी म्हणाले. “थोडी जास्तच.”

“चार, साडेचार,” त्याने हिशेब केला आणि बोटे आणखी उघडली.

विमानाला दीड तास होता. वहिनी गाडीतच बसल्या, त्यांचे गुडघे दुखत होते. ओहोटी होती आणि पाणी खूप लांब गेले होते, मधे नुसता राखाडी गाळ. “चल, पाण्यापर्यंत जाऊन येऊ,” दादा म्हणाला. आमचे बूट त्या कामाचे नव्हते. आम्ही ते काढून हातात घेतले.